जमीन विकून तांदूळ घ्यावा काय?

गोव्यातील जमीन-रूपांतराच्या, म्हणजे शेतजमिनी बांधकामासाठी वळवण्याच्या वादात एक युक्तिवाद आता इतका रुळला आहे की तो तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. येथे भाताची शेती आतबट्ट्याची झाली, मजूर मिळत नाहीत, बाहेरचा तांदूळ स्वस्त पडतो, तेव्हा शेते पडीक टाकण्यापेक्षा त्यांचा चांगला मोबदला घ्यावा आणि त्या पैशातून तांदूळच काय, हवे ते विकत आणावे; यालाच व्यापार म्हणतात आणि व्यापारात दोन्ही बाजूंचे भले होते, असा तो युक्तिवाद आहे. रूपांतराचे समर्थन करणारे राजकारणी तो मांडतात, दलाल मांडतात, आणि ज्याची मुले नोकरीनिमित्त परदेशी गेली आहेत असा सत्तरीच्या घरातला शेतकरीही थकल्या आवाजात तोच मांडतो. अर्थशास्त्राच्या नावाने केलेला हा दावा अर्थशास्त्राच्याच कसोटीवर टिकत नाही, असे माझे मत आहे. शेती ही आपली आई आहे वगैरे म्हणून तो खोडता येणार नाही. टंचाई, संधी-खर्च आणि व्यापार या अगदी प्राथमिक संकल्पना शेवटपर्यंत लावून पाहिल्या तरच त्यातली गफलत दिसते.

टंचाईपासून सुरुवात करू. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा म्हादई, नेत्रावळी, भगवान महावीर, खोतीगाव ही अभयारण्ये आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांनी व्यापला आहे. पूर्वेला सह्याद्रीचा उतार, पश्चिमेला किनारी नियमनाची बंधने, डिचोलीपासून सांग्यापर्यंत खाणींनी उकरून ठेवलेले डोंगर, आणि मधल्या सखल पट्टीत गावे, शहरे, महामार्ग, भाटे (माडांच्या बागा), कुळागरे (सुपारीच्या बागा) आणि शेते अशी सगळी दाटी आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि त्यांतले बासष्ट टक्के लोक शहरी भागात राहत होते. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिचा गाभा असा की साधने मर्यादित असतात, त्यांचे पर्यायी उपयोग अनेक असतात आणि या दोहोंच्या कात्रीत माणूस कशी निवड करतो याचा अभ्यास म्हणजे हे शास्त्र. गोव्याच्या सखल जमिनीइतके या व्याख्येचे चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. पैसा आपल्याकडे कमी असेल, पण तो बाहेरून येऊ शकतो आणि येतच आहे. दिल्ली, मुंबई, बंगळूरचा ग्राहक गोव्यात दुसरे घर घ्यायला येतो तेव्हा तो पैसा आणतो, जमीन आणत नाही. म्हणून ज्या गोष्टीची खरी टंचाई आहे ती देऊन, जिची तितकी नाही ती आपण घेत आहोत, एवढे तरी प्रारंभी मान्य केले पाहिजे.

आता संधी-खर्च. एखाद्या निवडीची खरी किंमत म्हणजे ती निवड केल्यामुळे सोडून द्यावा लागलेला सर्वांत चांगला पर्याय, ही कल्पना ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ फ्रीड्रिश फॉन वीझर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. शेतकऱ्याच्या बाजूने हा हिशेब आधी प्रामाणिकपणे मांडू. समजा, एका कुटुंबाचे अर्धा हेक्टर शेत आहे आणि खर्च वजा जाता वर्षाला वीस हजार रुपये सुटतात. तीच जमीन पन्नास लाखांना जात असेल आणि ठेवीवर सात टक्के व्याज मिळत असेल, तर वर्षाला साडेतीन लाख रुपये घरबसल्या येतात. म्हणजे शेत राखून ठेवणारे कुटुंब दरवर्षी तीन लाख तीस हजार रुपयांवर पाणी सोडत असते. आकडे कल्पित असले तरी त्यांची ठेवण खरी आहे, आणि हे गणित करून जो शेत विकतो त्याला लोभी म्हणण्याचा अधिकार, स्वतः पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्यांना तर मुळीच नाही. विकणाऱ्याला दोष देऊन सुटलेला एकही गाव मला माहीत नाही.

पण हा एका कुटुंबाचा हिशेब झाला. गावाचा आणि राज्याचा हिशेब त्याहून निराळा निघतो, आणि तो का निराळा निघतो हे खाजन जमिनीइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजने आहेत. ही जमीन निसर्गाने दिलेली नाही. चिखल, जांभा दगड आणि पेंढा वापरून बांध घालत गावकऱ्यांनी ती शतकानुशतके खाडीतून मिळवली आहे. बांधात ठरावीक ठिकाणी मानस, म्हणजे पाण्याचे दार असते. जांभ्याच्या भक्कम चौकटीत लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि खारे पाणी बाहेर अडते; ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी नदीत निघून जाते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन निघते, मग कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात उभे राहते, आणि पीक निघाल्यावर आतल्या पोंयीतल्या, म्हणजे तळ्यातल्या मासळीसाठी मानशीची पावणी, म्हणजे लिलाव होतो. एकाच जमिनीतून धान्य, मासळी आणि पुरापासून संरक्षण मिळते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे बांध, आणि बांध कुणा एकाचा नसतो. पूर्वी त्याची जबाबदारी गावकरी संस्था, म्हणजे कोमुनिदाद, आणि जमीनधारकांचे भोवस, म्हणजे संघ, उचलत असत. कूळ कायद्यानंतर १९७५ च्या नियमांनी ती कुळांच्या संघटनांकडे आली. समजा, अशा एका खाजनात चाळीस कुटुंबांची शेते आहेत आणि त्यांतल्या दहांनी आपली शेते पडीक टाकली किंवा विकली. नव्या मालकाला भात लावायचे नाही, म्हणून बांध कोरडा राहिला काय आणि फुटला काय, त्याचे काही अडत नाही. उलट शेतात खारे पाणी शिरले तर जमीन शेतीला निकामी झाल्याचा दाखला मिळतो आणि रूपांतराची वाट सोपी होते. उरलेल्या तीसजणांवर बांधाचा सगळा बोजा पडतो. पावणीतून जास्त पैसा हवा असणारा ठेकेदार, मासळी आत यावी म्हणून, झडपा वेळेवर मिटू देत नाही. एखाद्या ऑगस्टमध्ये बांधाला भगदाड पडते आणि विकायची इच्छा नसलेल्यांचे भातही खाऱ्या पाण्यात कुजते. दोन-चार वर्षे पाणी तसेच राहिले की खारफुटी उगवते, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते शेत पुन्हा शेत करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. पहिल्या दहाजणांच्या खरेदीखतावर जी किंमत लिहिली गेली तिच्यात या तीस कुटुंबांचे नुकसान कुठेही नोंदलेले नसते. विकणाऱ्याने सोडून दिलेला पर्याय वर्षाला वीस हजारांचा होता हे खरे, पण गावाने सोडून दिलेला पर्याय म्हणजे ते संपूर्ण खाजन होते.

त्यात भर अपरिवर्तनीयतेची. शेत पडीक असले तरी बांध शाबूत असेल तर ते उद्या पुन्हा कसता येते. त्यावर मातीचा भराव पडून काँक्रीट उभे राहिले की परतीचा मार्ग बंद होतो. केनेथ ॲरो आणि अँथनी फिशर यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की भविष्य अनिश्चित असताना जो निर्णय मागे घेता येत नाही, त्याबाबत थांबून पाहण्याला स्वतःचे आर्थिक मूल्य असते, आणि ते हिशेबात न धरल्यास विकास गरजेपेक्षा जास्त आणि लवकर केला जातो. समुद्राची पातळी वाढत असताना, पावसाचे मान बदलत असताना, पुराचे पाणी सामावून घेणाऱ्या सखल शेतांची किंमत तीस वर्षांनी काय असेल हे आज कुणालाही सांगता येणार नाही. म्हणूनच ती आज शून्य धरणे चूक आहे.

व्यापाराचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तेथे माझे मत अनेक पर्यावरणप्रेमी मित्रांच्या मतापेक्षा वेगळे आहे. गोव्याने आपला सगळा तांदूळ, भाजी आणि दूध स्वतःच पिकवले पाहिजे, हे मला पटत नाही. भाजी बेळगावाहून येते यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बेळगावच्या पठारावर जे कमी कष्टात पिकते ते पेडण्याच्या जांभ्यावर जास्त कष्टात पिकवण्याचा अट्टहास करणे म्हणजे आपल्याच लोकांचे श्रम वाया घालवणे होय. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये तौलनिक लाभाचे तत्त्व मांडताना घेतलेले उदाहरण आपल्याला विशेष जवळचे वाटावे, कारण त्यातला एक देश पोर्तुगाल आहे. त्यांच्या उदाहरणात ठरावीक वाइन तयार करायला पोर्तुगालमध्ये वर्षभर ८० माणसे लागतात आणि ठरावीक कापडाला ९०; इंग्लंडमध्ये त्याच वाइनला १२० आणि कापडाला १०० लागतात. दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्येच कमी श्रमात होतात, तरीही पोर्तुगालने वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे यात दोघांचाही फायदा आहे. कारण वाइनच्या एका मापासाठी इंग्लंडला १.२ माप कापड सोडावे लागते आणि पोर्तुगालला एका मापाहूनही कमी. व्यापाराचा पाया संधी-खर्चातल्या फरकात असतो, हे अर्थशास्त्रातले सर्वांत सुंदर आणि सर्वांत टिकाऊ निष्कर्षांपैकी एक आहे असे मी मानतो.

मात्र या उदाहरणात पोर्तुगाल वाइन विकतो, द्राक्षमळे विकत नाही. पुढच्या वर्षी मळे तेथेच असतात आणि पुन्हा वाइन होते. तौलनिक लाभाचे तत्त्व वर्षागणिक निघणाऱ्या उत्पन्नाच्या देवघेवीबद्दल बोलते. उत्पन्नाचे साधनच देऊन टाकण्याबद्दल त्यात काहीही नाही. फेणी, काजू, मासळी, औषधे, पर्यटकाला दिलेली सेवा हा सगळा गोव्याचा खरा व्यापार आहे आणि तो भरभराटीला यावा. जमीन विकून तांदूळ घेणे याला मात्र मत्ता मोडून खाणे म्हणतात. पर्यटनाचा व्यापारही ज्या हिरव्या पट्ट्यांच्या, नद्यांच्या आणि मोकळ्या डोंगरांच्या जोरावर चालतो, तेच भांडवल या विक्रीत खर्ची पडत आहे.

व्यापाराच्या कराराचा लाभ कुणाला आणि भार कुणाला, हेही गोव्याने एकदा फार जवळून पाहिले आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहान्वये गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची भिंत उठली, मुरगाव बंदर आणि लोहमार्गाची वाट मोकळी झाली. त्या बदल्यात गोव्यातल्या मीठ उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. सरकारच्या वहीत हा सौदा लाभाचा होता. पण मिठागरांवर मर्यादा आल्या, मिठावर कर बसला, आगरांवर राबणाऱ्यांचा आणि मासळी खारवणाऱ्यांचा धंदा बसला. १८९२ मध्ये तह संपुष्टात आला, तोवर कित्येक आगरे बंद पडली होती आणि कित्येक माणसे पोटासाठी मुंबईकडे निघून गेली होती. लिस्बन आणि लंडन यांनी मिळून ठरवलेल्या त्या हिशेबात गोव्याच्या मीठकऱ्याने काय गमावले याचा रकाना नव्हता. आजच्या रूपांतराच्या फायलींतही तो रकाना नाही, आणि आता तर सरकार आपलेच आहे.

खनिजाची गोष्ट अलीकडची. १९५० च्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तरी पोर्तुगीज गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा येतच राहिला, कारण जपानला जाणाऱ्या लोहखनिजाने परकीय चलन मिळत होते. पुढे चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. सगळे हे उत्पन्न म्हणून खात होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा लक्षात आले की खाऊन संपवलेली ती मत्ता होती. मागे उरले ते गाळाने भरलेले नाले, डिचोली-सत्तरीतली नापीक शेते आणि हप्ते थकलेले ट्रकमालक. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात खनिज विक्रीच्या रकमेतील दहा टक्के वाटा पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला, कारण खनिज हे एकदाच विकता येते. जमिनीबाबत हेच तत्त्व अजून कुठल्याही सरकारने स्वीकारलेले नाही. रूपांतर शुल्काची रक्कम त्या वर्षाच्या महसुलात जमा होते आणि त्या वर्षीच खर्च होते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद झाल्या, किराणा दुकानेही सुरुवातीला बंद राहिली आणि गोव्यात दूध-भाजीसाठी लोकांची दैना झाली. त्या अनुभवानंतर त्याच वर्षी सरकारने स्वयंपूर्ण गोव्याची घोषणा केली. हेतू चांगला असेल, पण एका हाताने स्वयंपूर्णतेचे कार्यक्रम आणि दुसऱ्या हाताने भातशेतीचे रूपांतर, हे एकत्र चालू शकत नाही. मला पूर्ण स्वयंपूर्णता नको आहे. अडचणीच्या काळात कामी येईल इतकी लागवडीची क्षमता शिल्लक हवी आहे.

तिळारीच्या कालव्याचे उदाहरण येथे द्यायला हवे. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या या संयुक्त प्रकल्पाचे पाणी पेडणे, डिचोली, बार्देशच्या शेतांसाठी आणले गेले, आणि लाभक्षेत्रातील जमिनीचा बिगरशेती वापर होऊ नये म्हणून १९९७ मध्ये कायदाही झाला. पुढे मोपा विमानतळामुळे पेडण्यातल्या जमिनीचे भाव चढले आणि लाभक्षेत्रातून जमिनी वगळल्या जाऊ लागल्या. यावर ‘एवढा पैसा कालव्यावर ओतला, तो वाया गेला’ असा आक्षेप सहसा घेतला जातो. तो आक्षेप मला दुबळा वाटतो, कारण झालेला खर्च कुठलाही निर्णय घेतला तरी परत येणार नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. पाणी दारात आलेली, दुबार पीक देऊ शकणारी जमीन आज उपलब्ध आहे, आणि तशी दुसरी जमीन पुन्हा तयार करायची तर नवे धरण, नवा कालवा आणि तितकीच सखल जागा लागेल, जी या राज्यात शिल्लक नाही.

कायदे नाहीत अशातला भाग नाही. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीच्या वापरावर १९९१ पासून निर्बंध आहेत, आणि भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंदी घातली. पण त्याच २०२३ मध्ये नगर नियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले आणि प्रादेशिक आराखड्यातली, म्हणजे राज्यातील जमीन-वापराच्या नकाशातली ‘चूक’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग (शेती, वस्ती वगैरे) अर्जावर बदलता येऊ लागला. त्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. २०२४ मध्ये आलेल्या ३९ अ कलमाने एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची दुसरी वाट उघडली. आक्षेप केवळ कायदेशीर नाही. एकेक भूखंड सुटा घेतला की त्याचा संधी-खर्च नेहमी क्षुल्लक दिसतो, कारण बांध, पाणी आणि शेजारची शेते हा सगळा संदर्भ फाइलबाहेर राहतो. संपूर्ण गावाचा आराखडा एकत्र मांडला की तोच खर्च डोळ्यांत भरतो. २००७ मध्ये जनआंदोलनानंतर ‘प्रादेशिक आराखडा २०११’ या नावाचा आराखडा मागे घ्यावा लागला, तो लोकांना सगळे रंगवलेले नकाशे एकत्र पाहायला मिळाले म्हणूनच.

म्हणून माझी मागणी मर्यादित आणि हिशेबाची आहे. रूपांतराच्या प्रत्येक प्रस्तावासोबत ती जमीन कोणत्या बांधावर, मानशीवर किंवा कालव्यावर अवलंबून आहे, तिच्या जाण्याने आणखी किती शेते बाधित होतील, पुराचे पाणी कुठे वळेल आणि पाणी व कचऱ्याचा नवा भार कोण उचलेल, याचे टिपण मराठी आणि कोंकणीत ग्रामसभेपुढे ठेवले जावे आणि त्यावर ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये. रूपांतर शुल्क महसुलात न मिसळता खनिज निधीसारख्या वेगळ्या निधीत जावे. आणि त्या निधीतून खाजन कसणाऱ्याला त्याच्या भाताच्या भावाखेरीज बांध राखल्याबद्दल हेक्टरी वार्षिक मोबदला मिळावा, कारण तो जे पुरापासूनचे संरक्षण गावाला फुकट देतो आहे त्याची किंमत बाजार त्याला कधीच देणार नाही. वीस हजार आणि साडेतीन लाख यांच्यातली सगळी दरी या मोबदल्याने भरून निघणार नाही, पण शेत राखण्याचा सगळा भार शेतकऱ्यानेच सोसावा आणि लाभ सगळ्यांनी घ्यावा ही आजची स्थिती तरी बदलेल. पैसे कुठून आणायचे असे विचारणाऱ्या अर्थखात्याने पहिल्या वर्षी एवढेच करावे : गेल्या दहा वर्षांत तालुकावार किती चौरस मीटर भातशेतीच्या सनदा (रूपांतराचे परवाने) दिल्या आणि त्यांतून किती शुल्क आले, हे दोन आकडे अर्थसंकल्पासोबत विधानसभेच्या पटलावर ठेवावेत.